कलम आणि बाई यांच्यामधला माणूस

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा अधिनियम 2005 साली संसदेने मंजूर केला आणि 26 ऑक्टोबर 2006 रोजी तो लागू झाला. त्याआधी नवऱ्याचा मार सोसणाऱ्या बाईपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. एक फौजदारी, म्हणजे 1983 साली भारतीय दंड संहितेत आलेले कलम 498अ, जे आता भारतीय न्याय संहितेत कलम 85 आणि 86 म्हणून आहे. दुसरी वाट घटस्फोटाची आणि पोटगीच्या दाव्याची. पहिली नवऱ्याला तुरुंगाकडे नेणारी, दुसरी लग्न संपवण्याकडे नेणारी. पण मार थांबावा, डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, मुले आपल्यापाशी राहावीत आणि महिन्याचा खर्च हाती यावा, एवढेच मागणाऱ्या बाईला या दोन्ही वाटा आडवळणाच्याच होत्या. नव्या कायद्याने हे साधे मागणे आदेशांच्या रूपात मांडले. कलम 18 खाली हिंसा करण्यास मनाई, 19 खाली घरात राहण्याची हमी, 20 खाली खर्च, 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा, 22 खाली भरपाई. वेळ गंभीर असेल तर कलम 23 नुसार केवळ तिच्या प्रतिज्ञापत्रावर एकतर्फी अंतरिम आदेशही देता येतो. हिंसेची व्याख्याही मारहाणीपाशी थांबली नाही. लैंगिक जबरदस्ती, रोजचा पाणउतारा, पगार काढून घेणे, स्त्रीधन परस्पर विकणे, घरखर्च बंद करणे हे सारे तिच्यात आले.

हा कायदा चांगला आहे, आणि त्याचे श्रेय त्याचा मसुदा घडवणाऱ्या वकिलांना आणि स्त्री-संघटनांना मोकळेपणाने द्यायला हवे. तरीही तो लागू होऊन जवळपास दोन दशके लोटल्यावर त्याच्याविषयी जे बोलले जाते, ते बहुतेक वेळा कलमांविषयीच असते: व्याख्या पुरेशी रुंद आहे का, शिक्षा पुरेशी कडक आहे का. माझ्या मते कायद्याचे यशापयश वेगळ्याच जागी ठरते. वर सांगितलेल्या प्रत्येक आदेशाच्या अलीकडे आणि पलीकडे हाताने करायचे पुष्कळ काम असते. ते करणारा माणूस बाईच्या शेजारी उभा असेल तर कायदा चालतो आणि नसेल तर उत्तम कलमही फाइलीतच राहते. कायद्याने स्वतःच असा माणूस निर्माण केला, त्याला संरक्षण अधिकारी असे नाव दिले आणि त्याची कामेही लिहून ठेवली. ज्या तरतुदीवर सारा डोलारा उभा राहायचा होता, तिच्याकडेच आपण सर्वांत जास्त दुर्लक्ष केले.

या कामाचा आकार कळण्यासाठी एका अर्जाचा प्रवास पाहावा लागतो. मार खाऊन बाई पोलीस ठाण्यात जाते तेव्हा अनेकदा अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते. लोकांच्या तोंडी तिचे नाव एनसी. तिचा कागद हाती घेऊन बाई त्याच घरी परत जाते. कलम 5 प्रमाणे त्याच क्षणी पोलिसाने तिला सांगायला हवे, की संरक्षण अधिकारी कोण आहे, सेवा देणाऱ्या संस्था कुठे आहेत, वकील फुकट मिळतो, आणि हवी असल्यास फौजदारी तक्रारही करता येते. पुढे कौटुंबिक घटना अहवाल भरायचा. त्यात प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा आणि ती कुणी केली हे लिहावे लागते. वर्षानुवर्षे मार खाल्लेल्या बाईच्या आठवणी मात्र कॅलेंडरवर नसतात. थोरलीच्या बारशाआधी, दीर मुंबईला गेला त्या दिवाळीत, भात लावणीच्या दिवसांत, अशा खुणांनी ती सांगते. या खुणा तारखांपर्यंत नेणे, त्यांतली कुठली गोष्ट कायद्याच्या कुठल्या रकान्यात बसते ते ओळखणे आणि ज्या गोष्टी ती लाजेपोटी वगळते त्यांना तिच्या संमतीने जागा देणे हे तासन्‌तास बसून करायचे काम आहे. ठाण्याच्या टेबलापाशी, मागे रांग असताना ते होत नाही.

मग पुरावा. रेशनकार्डावर नाव आहे का, लग्नाचा फोटो कुणाकडे आहे, दागिन्यांच्या पावत्या कुठे ठेवल्या आहेत? दवाखान्याच्या केसपेपरवर ‘पडल्यामुळे इजा’ असे लिहिलेले असते, कारण बाईने तसे सांगितले आणि सोबत नवरा किंवा सासू उभी होती. मुंबई महापालिका आणि सेहत ही संशोधन संस्था यांनी 2000 साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केले, ते याच जागेवर बोट ठेवून. हिंसा झालेली बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, जखम बांधून घ्यायला मात्र ती रुग्णालयात येतेच. तिथल्या परिचारिकेने आणि डॉक्टरने खुणा ओळखल्या, एकांतात विचारले आणि कागदावर खरे लिहिले, तर पुढच्या न्यायालयीन कामाचा पाया तिथेच घातला जातो. आज हे केंद्र मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही पोचले आहे. पोलिसांच्या बाजूने असाच प्रयोग 1984 साली झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तिथे प्रशिक्षित समाजकार्यकर्ती पोलिसांच्या छपराखाली बसते, पण पोलीस म्हणून नव्हे. तिचे निष्ठास्थान समोर आलेली बाई असते. राज्य शासनाने हा नमुना पुढे महाराष्ट्रभर नेला आणि इतर राज्यांनीही तो उचलला. म्हणजे 2005 चा कायदा येण्याआधी दोन दशके ‘मधल्या माणसा’चा अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी होता.

अर्ज दाखल झाल्यावर पहिली सुनावणी साधारणपणे तीन दिवसांत व्हावी आणि तिथून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कलम 12 सांगते. नोटीस बजावण्याचे काम कलम 13 ने संरक्षण अधिकाऱ्याकडे दिले आणि त्याला सर्वसाधारणपणे दोन दिवसांची मुदत घातली. प्रत्यक्षात पहिला अडथळा इथेच येतो. नवरा पत्त्यावर सापडत नाही, शेजारी बोलत नाहीत, नोटीस परत येते आणि पुढची तारीख पडते. खर्चाचा प्रश्न आला की तो बेकार असल्याचे सांगतो. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयात पोचलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात 2020 साली दोन्ही बाजूंनी मालमत्तेचे आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले. हे मोठे पाऊल होते. तरी त्या प्रतिज्ञापत्रात काय लपवले आहे, हे कुणीतरी शोधावेच लागते. 2006 च्या नियमांतील दहावा नियम हे काम नेमके सांगतो: न्यायदंडाधिकाऱ्याने लेखी सांगितल्यास संरक्षण अधिकाऱ्याने घरी जाऊन पाहणी करावी, पगार, मालमत्ता आणि बँक खात्यांची चौकशी करावी, तिच्या वस्तू आणि स्त्रीधन परत मिळवून द्यावे, मुलांचा ताबा मिळवण्यास मदत करावी. आदेश मिळाल्यावरही हेच. घरात राहू देण्याचा आदेश घेऊन बाई दारापाशी येते तेव्हा कुलूप बदललेले असते, किंवा दार उघडते आणि आत तिच्याशी कुणी बोलत नाही, स्वयंपाकघराला वेगळे कुलूप असते. आदेशाची प्रत तिच्या पर्समध्ये असते. त्या क्षणी तिच्यासोबत कोण आहे, यावर त्या कागदाची किंमत ठरते.

नियमांनी संरक्षण अधिकाऱ्याकडे सामाजिक क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा अनुभव मागितला, त्याची मुदत किमान तीन वर्षांची ठेवली, आणि शक्यतो हे पद स्त्रीकडे असावे असे कायदा म्हणतो. व्यवहारात अनेक राज्यांनी आधीच दुसरे पद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे हे काम अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपवले. पोषण आहार, अंगणवाड्या, बैठका आणि अहवाल यांतून उरलेल्या वेळात हिंसाग्रस्त बाई. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या आकडेवारीनुसार 1 जुलै 2022 रोजी या कायद्याखाली 4 लाख 71 हजारांहून अधिक प्रकरणे प्रलंबित होती. देशात साधारण साडेसातशे जिल्हे धरले आणि प्रत्येकी एक अधिकारी मानला, तर एकेका अधिकाऱ्याच्या वाट्याला सहाशेहून अधिक प्रकरणे येतात. एका प्रकरणाला वर्षभरात दोन पूर्ण दिवस द्यायचे म्हटले तरी वर्ष पुरत नाही. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातले अधिकारी सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा लागू झाल्यानंतर एकोणिसाव्या वर्षी असा आदेश द्यावा लागतो, यावरून या पदाला आपण काय स्थान दिले ते कळते. आणि त्यातही नेमायचे ते खात्यात आधीपासून असलेलेच अधिकारी. नाव मिळेल, पण वेळ कुठून येणार हा प्रश्न तसाच राहतो.

मधला माणूस खरोखर इतका फरक पाडतो का, याला पुरावा आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात क्रिस सलिव्हन आणि डेबोरा बायबी यांनी निवारागृहातून बाहेर पडणाऱ्या 278 स्त्रियांचा अभ्यास केला आणि 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून निम्म्या स्त्रियांना दहा आठवडे, आठवड्याला चार ते सहा तास, एक प्रशिक्षित सोबतीण दिली. या सोबतिणी वकील नव्हत्या, पदवीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. घर शोधणे, नोकरी, मुलांची शाळा, न्यायालयाचे कागद, जाण्यायेण्याची सोय, यांपैकी जे त्या बाईने ठरवले त्यात त्या तिच्याबरोबर फिरल्या. पुढच्या दोन वर्षांत सोबत मिळालेल्या चार स्त्रियांपैकी एकीला एकदाही मारहाण सोसावी लागली नाही. सोबत न मिळालेल्यांत हे प्रमाण दहांत एक होते. हा अभ्यास दुसऱ्या देशातला आहे, आणि त्याच संशोधकांनी पुढे हेही नोंदवले की तिसऱ्या वर्षी मारहाणीतला हा फरक टिकला नाही, आयुष्याच्या दर्जातला आणि आधारातला फरक मात्र टिकला. त्यातून मला दिसते ते असे, की सोबत काम करते आणि ती दहा आठवड्यांपुरती ठेवून भागत नाही.

आपल्याकडची गरज तर त्याहून खोल आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी 29.3 टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणात, कुणाही व्यक्तीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा झालेल्यांपैकी मदत मागणाऱ्या केवळ 14 टक्के होत्या, आणि 77 टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, पण ही गोष्ट कुणाला सांगितलीही नव्हती. ज्या मागतात त्या बहुतेक माहेराकडे वळतात, आणि माहेरचे पहिले वाक्य बहुधा ‘थोडे सांभाळून घे’ असे असते. अशा समाजात न्यायालयाची पायरी ही शेवटची पायरी ठरते. तिच्या आधीच्या पायऱ्यांवर कुणी उभे नसेल तर बहुतेक बायका तिथवर पोचतच नाहीत.

यावर पहिला आक्षेप येतो गैरवापराचा. 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात 498अ च्या गैरवापराला कायदेशीर दहशतवादाची उपमा दिली होती, आणि 2014 च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला लगाम घातला. खोट्या तक्रारी होतच नाहीत, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे नाही. पण हा आक्षेप ज्या कायद्यावरचा आहे तो वेगळा. 2005 च्या कायद्यातली मागणी दिवाणी स्वरूपाची आहे. अर्ज केला म्हणून कुणाला अटक होत नाही. शिक्षा होते ती न्यायालयाचा आदेश मोडल्यावर. शिवाय जिथे घर, खर्च आणि मुले यांचा प्रश्न वेळेत सुटण्याची आशा नसते, तिथेच वैतागलेले माहेर फौजदारी तक्रारीचा उपयोग दबावासाठी करते. तारीखवार घटना लिहून घेणारा, घरी जाऊन पाहणारा, पगाराची चौकशी करणारा प्रशिक्षित अधिकारी सुरुवातीलाच असेल तर खऱ्याखोट्याची छाननीही सुरुवातीलाच होते. गैरवापराची ज्यांना खरी काळजी आहे, त्यांनी तर या पदाची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

दुसरा आक्षेप घरे मोडतात हा. तो करणाऱ्यांना समुपदेशन म्हणजे समेट वाटतो: दोघांना समोरासमोर बसवायचे, दोघांच्या चुका काढायच्या आणि तिला नांदायला पाठवायचे. 2006 च्या नियमांतला चौदावा नियम असे समुपदेशन नाकारतो. हिंसा पुन्हा होणार नाही ही हमी मिळवणे हा त्याचा हेतू, आणि मी मारले कारण ती अशी वागली, हे समर्थन त्या बैठकीत मांडता येत नाही. ही गोष्ट नवऱ्याला आधीच सांगायची असते. सून उलट बोलली, जेवण वेळेवर नव्हते, फोनवर फार बोलते, ही यादी जिथे ऐकून घेतली जाते तिथे समुपदेशन चाललेले नसते, हिंसेची सुनावणी उलटी चाललेली असते. महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक वळण लागले. न्यायालयाच्या आदेशाशिवाय समुपदेशन करू नये, अशा आशयाचे परिपत्रक राज्याच्या महिला व बालविकास विभागाने 2014 मध्ये काढले आणि वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. सक्तीच्या समेटाची भीती रास्त होती. पण जी बाई अजून न्यायालयात जायला तयार नाही, तिला बोलायला जागाच उरू नये, हा त्यावरचा उपाय नव्हे. नियम पाळणारी माणसे तयार करणे, हे काम जास्त कष्टाचे आणि म्हणून टाळले जाणारे आहे.

यापेक्षा मला जास्त गंभीर वाटतो तो स्त्री-चळवळीच्या आतूनच येणारा आक्षेप: मधला माणूस बाईच्या वतीने निर्णय घेऊ लागतो. एक म्हणते परत जा, दुसरी म्हणते सोडून दे, आणि बाई पुन्हा कुणाच्या तरी हुकमाखाली येते. हा धोका खरा आहे. त्यावर बंधन एकच, की दिशा बाईने ठरवायची आणि सोबत करणाऱ्याने त्या दिशेतले धोके आणि हक्क स्वच्छ सांगायचे. मिशिगनच्या प्रयोगातही कामाचे मुद्दे त्या स्त्रियांनीच ठरवले होते. आपल्या नियमांतही यासाठी एक फार चांगली गोष्ट आहे, सुरक्षा योजनेचा नमुना. बाई घरात राहणार असेल तरी तिने कुठल्या हिंसेची भीती आहे ते सांगायचे आणि त्या प्रत्येकावर काय करायचे ते अधिकाऱ्याबरोबर बसून लिहायचे. परत गेलेली बाई म्हणजे वाया गेलेली मेहनत, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा कागद पुन्हा वाचावा. मुलांच्या परीक्षा होईपर्यंत, आईचे आजारपण निभेपर्यंत, स्वतःचे चार पैसे जमेपर्यंत ती परत जाते, आणि त्या काळातही तिला संरक्षण हवे असते.

वकील आहेत, मग आणखी माणूस कशाला, असेही विचारले जाते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, आणि प्रभा त्यागी खटल्यात 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की बाईने थेट अर्ज केला तर संरक्षण अधिकाऱ्याच्या अहवालावाचून न्यायालय अडून बसू शकत नाही. हा निकाल योग्यच आहे, कारण अधिकारी नाही म्हणून बाईला दार बंद होऊ नये. पण त्यातून अधिकारी नको असा अर्थ काढणे चूक आहे. वकील युक्तिवाद करतो. दार उघडून घ्यायला, शाळेचा दाखला आणायला, रात्री अकराला फोन घ्यायला तो येत नाही, आणि ते त्याचे कामही नाही.

शिवाय न्यायालयाने दिलेला हक्क बाईपर्यंत पोचतो तोही अशाच हातांनी. कायदा लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा डिसेंबर 2006 मध्ये बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सासूच्या मालकीच्या घरात सुनेला राहण्याचा हक्क सांगता येणार नाही. आपल्याकडे घर बहुधा सासू-सासऱ्यांच्या नावावर असते. त्यामुळे कलम 19 चा प्राणच गेल्यासारखे झाले. हा अर्थ ऑक्टोबर 2020 मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात रद्द झाला आणि मालकी कुणाचीही असो, संसार जिथे झाला ते घर कायद्याच्या कक्षेत आले. त्याआधी, 2016 साली हरसोरा खटल्यात अर्ज फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्ध करता येण्याची मर्यादा गेली. मधल्या चौदा वर्षांत किती बायकांना वकिलांनी किंवा पोलिसांनी ‘घर तुझ्या नवऱ्याचे नाही, तुझा हक्क नाही’ असे सांगून परत पाठवले असेल, याचा हिशेब कुणाकडे नाही. आणि 2020 नंतरही तालुक्याच्या गावी तेच जुने उत्तर मिळू शकते, कारण निकाल दिल्लीत लागला तरी तो तिथल्या टेबलापर्यंत नेणे हे प्रशिक्षणाचे काम आहे.

पैशाचा प्रश्न राहतो, पण तो वाटतो तेवढा मोठा नाही. एप्रिल 2015 पासून ‘सखी’ केंद्रे आहेत, पोलिसांच्या आवारातले विशेष कक्ष आहेत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणे आहेत, 181 ही हेल्पलाइन आहे. प्रत्येक ठिकाणी बाई आपली कहाणी पहिल्यापासून सांगते, कारण एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणी जात नाही. पूर्णवेळ, दुसरा कार्यभार नसलेला संरक्षण अधिकारी तालुक्याला असावा, त्याच्याकडे गाडी आणि मदतनीस असावा, आणि ही सगळी दारे जोडणे त्याच्या कामात लिहिलेले असावे. कर्तव्यात कसूर केल्यास कलम 33 नुसार त्या अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. साधने न देता एवढी जबाबदारी टाकणे त्या अधिकाऱ्यावरही अन्याय आहे.

आणखी एक गोष्ट आजच्या आज सुरू करता येईल. दर महिन्याच्या अहवालात किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती प्रलंबित आहेत हे मोजले जाते. राहण्याचा आदेश मिळालेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती बायका त्या घरात आहेत, मंजूर झालेल्या खर्चापैकी किती रक्कम खरोखर हाती आली, मनाई आदेशानंतर पुन्हा किती जणींना मार बसला, हे तीन रकाने त्याच अहवालात जोडायला नवा कायदा लागत नाही, विभागाचे एक परिपत्रक पुरते.